दोघांना दिलेला ढोल

दगू, तुझ्या संग्रहालयाला दगडी इमारत मिळणार. हस्तीमल शेठ काल स्वतः येऊन सांगून गेले. येत्या पाडव्याला पाया खोदायचा, मामलेदारसाहेबांना बोलवायचं, आत शिरल्या शिरल्या समोरच्या भिंतीवर तुझा फोटो लावायचा. बसले, पाणी प्यायले आणि निघताना हात जोडून म्हणाले, "आक्का, तुम्ही होतात म्हणून संस्था वाचली." मी पाण्याचं भांडं उचललं. ते गल्लीच्या वळणापलीकडे गेले, तेव्हा दार लावून घेतलं आणि तुला मोठ्यानं शिव्या दिल्या. शेजारीण भिंतीपलीकडून विचारते, "काय व्हयनं वं आक्का?" तिला काय सांगू?

तू जाऊन दीड महिनाही झाला नाही. गेलेल्या माणसावर इतक्या लवकर रागावू नये म्हणतात. म्हणोत बापडे. तू असतास तर समोर बसवून सुनावलं असतं, जेवायचं ताट पुढे ठेवून सुनावलं असतं. आता ती सोय तू ठेवली नाहीस. म्हणून तुझ्याच वहीत, तुझ्याच दौतीतल्या शाईत पाणी घालून, लिहीत बसलेय. ढोलाचं काय झालं ते तुला कळायलाच हवं.

लिहायला शिकवलंस तूच. मी तेराव्या वर्षी कुंकू पुसून माहेरी परत आले, तेव्हा तू नुकता शाळेत जायला लागला होतास. आल्या आल्या पाटी माझ्या मांडीवर ठेवायचास. "आक्का, आज 'ग' शे." घरात आपली अहिराणी आणि पाटीवर तुझी पुस्तकातली मराठी. म्हणून बघ, भांडतेय तीसुद्धा शाळेच्या भाषेत. त्याबद्दल आजवर मी तुला कधी बरं म्हटलं नाही, ते आता म्हणते. फार चांगलं केलंस, बाबा. पण मला वाचायला शिकवलंस आणि स्वतः जे लिहून ठेवलंस तेच मला वाचायला दिलं नाहीस. हे कुठलं शहाणपण?

तुझ्याआधीची दोन गेली, म्हणून आईनं तुझं नाव दगडू ठेवलं. दगडाला कोण उचलून नेणार, असं तिला वाटलं. बेचाळिसाव्या वर्षी नेलंच की.

आबांचं सोनाराचं दुकान तू बंद केलंस तेव्हाही मी चिडले होते. आबांकडे डोंगरातली माणसं चांदीचे वाळे न् गळ्यातल्या हासळ्या करून घ्यायला यायची, तासन् तास ओट्यावर बसायची, आणि तू कोपऱ्यात बसून त्यांची चित्रं काढायचास. पुढे शाळेत ड्रॉइंग मास्तर झालास. आबा गेले तशी भट्टी विझली. मग त्याच दुकानाच्या खोलीत तू फळ्या ठोकल्यास, पहिल्या फळीवर आबांची फुंकणी आणि काटा मांडलास, आणि दारावर स्वतःच्या हातानं पाटी रंगवलीस, 'चित्रशाळा व वस्तुसंग्रहालय, तळोदे'. लोक हसले. मीही हसले. सोनाराच्या घरात सोनं नाही आणि मोडकी भांडी मांडून ठेवलीत, असं मीच तुला म्हणाले होते.

आणि तुझी ती मागायची तऱ्हा! कोणाच्या घरी माणूस गेलं की तू बरोबर तेराव्या दिवशी हजर. जेवणं उरकायची, पाहुणे सुपारी कातरत बसायचे, आणि तू ओट्याच्या कडेला टेकून हळूच विचारायचास, "आजोबांचा तो मोराचा अडकित्ता कोणी वापरतं का हो?" मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. गावात तर असं झालं होतं, की तू कोणाच्या दारात दिसलास की लोक आधी घरातल्या म्हाताऱ्याकडे बघायचे. मी रागावले तर म्हणायचास, "तेराव्याले मानूसना हात ढिला ऱ्हास, आक्का. चौदाव्याले वाटण्या सुरू व्हतस." खरंच होतं ते. पाटलांची ढाल आली, बोहऱ्याचं जर्मन घड्याळ आलं, कोणाची गंजिफा, कोणाचं दाराचं तोरण. प्रत्येक वस्तूखाली देणाऱ्याचं नाव तू असं कोरून लिहायचास, की देणारे सुट्टीच्या दिवशी पोराबाळांना घेऊन आपलं नाव बघायला यायचे. पाटलांच्या घरात भाऊ भावाशी बोलत नव्हते, पण ढाल बघायला दोघेही आले आणि या खोलीत पहिल्यांदा एकमेकांना रामराम केला. ते मी पाहिलंय. म्हणून मी फडकं हातात घेतलं आणि दहा वर्षं तुझ्या काचा पुसल्या.

ढोल मात्र तू मागितला नव्हतास. तो आपण होऊन आला.

दरवर्षी उन्हाळ्यात तू डोंगरात, मोलगीच्या वरच्या पाड्यांवर जायचास, भिंतीवरची चित्रं कागदावर उतरवून घ्यायला. तिथल्या दाज्याच्या घरी उतरायचास. एका वर्षी तिथंच तुला हिवतापानं धरलं, आणि दाज्याच्या आईनं तुला बारा दिवस पेज पाजून जगवलं. हे तू मला आल्यावर सांगितलंस, तेही हसत हसत. मी त्या बाईला कधी पाहिलं नाही, पण तिला मी दर दिवाळीला लुगडं पाठवत आले. पुढच्या वर्षी त्या पाड्याला आग लागली. गवताची घरं, बघता बघता सात गेली. आतलं धान्य सोडून त्यांनी आधी ढोल बाहेर काढला. माणूसभर उंच, एका खोडातून कोरलेला, दाज्याच्या पणजाच्याही आधीचा. त्यावर टिपरू पडल्याशिवाय त्या पाड्याची होळी पेटत नाही.

मग चार माणसं बांबूला तो ढोल बांधून दीड दिवस चालत खाली आली. दाज्या ओट्यावर उभा राहून म्हणाला, "मास्तर, आमना घर गवतना, तुमना घर कवलना. आठे ऱ्हाऊ द्या. होळीले लेई जासूत, मंग परत आनसूत." तू ढोलावर तळहात ठेवलास. आठवतंय? मी पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यातच होते. तू म्हणालास, "होळीले तुमना. बाकी साल मन्हा पाहुना." दाज्या हसला, बाकीचे हसले, पाणी प्यायले. कागद कोणी केला नाही, कोणाला तसं सुचलंही नाही.

सहा वर्षं हे असंच चाललं. होळीच्या आधी चार दिवस ते यायचे. मी भाकरी आणि तुरीची डाळ करायची, ते ओट्यावर झोपायचे आणि फटफटताना ढोल उचलून चालू लागायचे. जागा रिकामी ठेवायची नाही म्हणून दाज्या आपलं धनुष्य तिथं ठेवून जायचा. एका वर्षी तू त्या धनुष्याखाली चिठ्ठी लावलीस, 'ढोल होळीसाठी आपल्या गावी गेला आहे. आठ दिवसांनी भेटेल.' मी किती हसले होते रे! शाळेचे इन्स्पेक्टर आले होते, ते चिठ्ठी वाचून गोंधळले. तू आयुष्यात पुष्कळ लिहिलंस, भिंतीवर, फळ्यावर, सरकारला अर्ज लिहिलेस. पण त्या चिठ्ठीइतकं चांगलं काही लिहिलं नाहीस. तसाच राहिला असतास तर काय बिघडत होतं?

मागल्या वर्षीच्या होळीला बिनसलं. ढोल परत आला तो नवं चामडं चढवून. जुनं वाजता वाजता फाटलं होतं. त्यांनी चांगलं कमावलेलं कातडं आणलं, ताणून बांधलं, वर हळदीचे हात उमटवले, आणि कौतुकानं तुझ्यासमोर आणून ठेवलं. तुझं डोकंच फिरलं. "नास करी टाका! शंभर वरीसनं चामडं, त्यावर बापजाद्यासना हात व्हतात!" गल्ली गोळा केलीस. दाज्या खाली मान घालून ऐकत होता. शेवटी एवढंच बोलला, "फुटना व्हता ना, मास्तर. फुटेल ढोल कसा वाजाडवा?" तू तरातरा आत गेलास.

त्यांना मी जेवायला वाढलं. ते नीट जेवले नाहीत. ते गेल्यावर मी तुला म्हटलं, अरे, ढोल त्यांचा, चामडं त्यांचं, वाजवणारे ते. वहाण झिजली तर तू नवा तळ घालत नाहीस का? त्यावर तू काय म्हणालास ते तुला आठवणार नाही, पण मी विसरलेली नाही. तू म्हणालास, "तुले काय समजस, आक्का? तू वस्तू पुसस. जपनं येगळं." दहा वर्षं, दगू. ढालीला राख, पितळेला चिंच, चित्रांना कडुनिंबाचा पाला. आठ दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. ताट वाढायची आणि उठून जायची. नवव्या दिवशी तू गुळाची ढेप आणलीस आणि माझ्यासमोर ठेवून उभा राहिलास, लहानपणी चूक केल्यावर राहायचास तसा. मी गूळ फोडून डब्यात भरला. आपण परत बोलायला लागलो. पण जे बोलायला हवं होतं ते तूही बोलला नाहीस आणि मीही नाही.

श्रावणात हस्तीमल शेठची आई गेली. तू आपल्या नेमानं दिवस मोजून गेलास, म्हातारीचं चांदीचं पानदान मागायला. शेठनी इमारतच देऊ केली. बाजाराजवळची जागा, दगडी बांधकाम, आईच्या नावानं. तू घरी आलास तो पायातल्या वहाणा न काढताच स्वयंपाकघरात शिरलास. "आक्का, इमारत भेटनी!" मी तुला ओरडायचीही विसरले. त्या दिवशी मी लापशी केली. तू तीन वाट्या खाल्ल्यास आणि जमिनीवर कोळशानं खोल्या आखून दाखवल्यास, इथं चित्रं, इथं शस्त्रं, इथं ढोल. ढोलाला मधली खोली. शेठची अट काय होती, ते मात्र तू सांगितलं नाहीस. कोळशाच्या रेघा मी दोन दिवस पुसल्या नाहीत, तुला बघायला आवडायच्या म्हणून.

तुला ताप आला पौषात, उतरलाच नाही. बैलगाडीत घालून नंदुरबारच्या डॉक्टरकडे नेलं, त्यांनी औषध दिलं, पण जपानच्या लढाईमुळे खरं औषध मिळत नाही म्हणाले. रथसप्तमीच्या आदल्या दिवशी तू मला विचारलंस, "होळीले कितला दिन शेत?" मी म्हणाले, "होळी गयी चुलामा, औषध पे." तुझ्या मनात काय घोळत होतं, ते मला आज कळतंय. मला वाटलं तापात बरळतोयस. तू औषध प्यालास आणि भिंतीकडे तोंड केलंस. थांबून दोन शब्द जास्त विचारले असते तर कदाचित तू सांगितलं असतंस. नाहीतर नसतंसही सांगितलं. तुझा काही भरवसा नाही.

तेराव्याला जेवणं उरकली आणि शेठ वकिलाला घेऊन आले. ओट्याच्या कडेला टेकून बसले, तू बसायचास तसे. वकिलांनी मृत्युपत्र वाचलं. मी दाराआड उभी होते. सगळा संग्रह संस्थेला. घर संस्थेला. कुठलीही वस्तू, कुठल्याही कारणानं, एका दिवसासाठीसुद्धा बाहेर जाणार नाही, गेली तर शेठची देणगी रद्द आणि जागा त्यांच्या मुलांकडे परत. खाली वस्तूंची यादी. पहिला ढोल. तुझी सही, खाली तुझी ती लांब शेपटीची रेघ. आणि सगळ्यात शेवटी, 'माझी वडील बहीण हिने वस्तूंची देखभाल करावी व तिला हयातभर मागील खोलीत राहू द्यावे.' वा रे पठ्ठ्या! म्हणजे मीही यादीत. नुसता नंबर घालायचा राहिला.

मी दाराआडूनच बोलले, की ढोल दाज्याचा आहे, दर होळीला जातो, मास्तरनी शब्द दिलाय. वकील म्हणाले, कागद आहे का? शेठ रागावले नाहीत. ते वाईट माणूस नाहीत, दगू, उलट वाईट असते तर मला सोपं गेलं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "आक्का, आमच्या मंदिरात देवाला चढवलेला नारळसुद्धा कोणी घरी नेत नाही. एकदा वाहिलं ते वाहिलं. माझ्या आईच्या नावावरची जागा आहे. तिथली वस्तू लोक नेत-आणत राहिले तर मी तिला काय दिलं?" त्यांचे डोळे भरून आले होते. मग म्हणाले, "मास्तरांना मी ढोलाचं विचारलं होतं. ते म्हणाले, घाला यादीत."

घाला यादीत. एवढंच म्हणालास? एक ढोल तू दोन माणसांना दिलास, दोघांनाही मनापासून दिलास, आणि मधे मला उभी करून निघून गेलास.

मग होळीची वाट बघणं आलं. किल्ल्या माझ्याच कमरेला होत्या. इमारत होईपर्यंत त्या माझ्याकडेच राहायच्या होत्या. रोज उठून मी ठरवायची, ढोल द्यायचा. शब्द तो शब्द. त्या म्हातारीची पेज प्यायलेला माझा भाऊ, त्याच्या शब्दासाठी मी घर गेलं तरी बेहत्तर, ओट्यावर राहीन. असं दुपारपर्यंत टिकायचं. दुपारी पुसायला बसले की तुझी चित्रं दिसायची. पाऊस गळून दोन चित्रांचे कोपरे गेलेत. वाळवी फळीत शिरलीय. ही खोली आणखी पाच पावसाळे काढणार नाही, हे मला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, कारण झाडू माझ्या हातात असतो. दगडी इमारत गेली तर तुझी पंचवीस वर्षं चुलीत जाणार. आणि भिंतीवरचा तो फोटो, तोही जाणार. माझ्या भावाचा फोटो भिंतीवर असावा असं मला वाटत होतं. खोटं कशाला बोलू.

ते आले. चार दिवस आधी, नेहमीसारखे. दाज्या, त्याचा भाऊ आणि दोघं जण. त्यांना काहीच माहीत नव्हतं. दाज्यानं ओट्यावरून हाक मारली, "मास्तर! ढोल लेवाले उनूत!" मी बाहेर आले. माझ्याकडे बघितलं आणि तो समजला. खालीच बसला.  मग त्यानं बगलेतली गुंडाळी सोडली. जुनं चामडं होतं. फाटलेलं, पण राखेनं स्वच्छ केलेलं, मऊ केलेलं. "मास्तर चिडना व्हतात ना," तो म्हणाला, "कणगीवर झाकेल व्हतं. धोईसन आनं. हाई मास्तरनं." वर्षभर तुझा राग त्यानं मनात ठेवला होता, आणि तो घालवायला हे आणलं होतं. तू म्हणालास त्या बापजाद्यांच्या हातांसकट.

मी त्यांना पाणी दिलं. भाकरी टाकली. आणि वाढता वाढता सांगून टाकलं, "दाज्या, औंदा ढोल देता येत नही."

"का बरं, बाई?"

"मास्तरनी लिखी ठेयेल शे. बाहेर जावाव नही म्हनीसन."

"मास्तरनी लिखं?"

"हां."

वाटलं होतं, भांडेल. पणजाचा ढोल आहे, भांडायलाच हवं होतं. त्यानं भाकरीचा तुकडा हातात धरला आणि विचार केला. मग म्हणाला, "मास्तरनी लिखं व्हई ते काही इचार करीसनच लिखं व्हई." त्याचा भाऊ काहीतरी तावातावानं त्यांच्या बोलीत बोलायला लागला. दाज्यानं त्याला हातानं गप्प केलं. आणि मला म्हणाला, "मंग आठेच वाजाडू द्या. मास्तरना साठे. मानूस गया आनि ढोल वाजना नही, आसं आमना कडे व्हत नही."

त्याला मी नाही म्हणू शकले नाही. कागदात बाहेर नेऊ नये एवढंच होतं, वाजवू नये असं नव्हतं. मी दार उघडलं. भर दुपारी, तुझ्या त्या खोलीत, चौघांनी तुझ्यासाठी ढोल वाजवला, दगू. फळ्या थरथरत होत्या, बोहऱ्याचं बंद पडलेलं घड्याळ दोन ठोके वाजलं, शस्त्रांच्या कपाटाची काच तडकली. बरं झालं तडकली. गल्लीतली सगळी माणसं ओट्यासमोर जमली, शाळा सोडून पोरं आली. तू गेलास त्या दिवशी मी रडले नव्हते, बायका म्हणत होत्या, आक्काचं काळीज दगडाचं. त्या दिवशी मी खांबाला धरून रडले. मोठ्यानं. ढोलाच्या आवाजात कोणाला ऐकू आलं नाही.

झाल्यावर त्यांनी घाम पुसला, ढोलावरची धूळ आपल्या फेट्यानं पुसली, आणि चौघांनी मिळून तो परत जागेवर ठेवला. आपल्या हातानं. सरळ आहे का ते दाज्यानं मागे जाऊन पाहिलं, जरा डावीकडे सरकवला. मग निघाले. खांद्यावरचा बांबू रिकामाच होता. मी उंबऱ्यात उभी होते, किल्ल्या कमरेला, आणि मला हाक मारता आली असती. थांब रे दाज्या, म्हणता आलं असतं. ते विहिरीपर्यंत गेले, पिंपळापर्यंत गेले, मग दिसेनासे झाले. तुझ्याशी भांडले ते ज्यांच्यासाठी, त्यांना मीच हात हलवत परत पाठवलं. तू निदान तोंडावर पाठवलं नव्हतंस.

आपल्या गल्लीतला कासार मोलगीच्या बाजाराला जातो. होळीनंतर त्यानं सांगितलं, त्या पाड्यानं होळी पेटवली ती ताटल्या वाजवून. बायका नाचल्या नाहीत. दाज्याची म्हातारी आई रात्रभर विचारत होती, ढोल कोठे शे, आणि कोणी तिला नीट सांगितलं नाही. 

मग मी एक केलं. आईच्या सोन्याच्या पाटल्या आठवतात? माझ्या माघारी त्या संग्रहालयाला द्यायच्या, असं तू माझ्याकडून कबूल करून घेतलं होतंस. खाली माझं नाव लिहीन म्हणाला होतास. नाही देणार, दगू. तुझ्या काचेत माझं नाव नको मला. त्या कासाराजवळ मी निरोप दिला, की दाज्या, या पाटल्या घे, चांगलं खोड बघ, चांगलं कातडं बघ, आणि पाड्यासाठी नवा ढोल कर. तुझ्या मास्तरच्या बहिणीकडून. मला वाटलं, एवढं केलं की मला झोप लागेल.

आज कासार परत आला. पाटल्या तशाच फडक्यात बांधून माझ्या पुढ्यात ठेवल्या. निरोप ऐकून दाज्या हसला म्हणे. म्हणाला, "बाईले सांगा, दुसरा ढोल कशाले? आमना ढोल शे ना तठे, कवलना घरमा. पुढली होळीले येसूत."

आणि वर म्हाताऱ्या आईनं तुझ्यासाठी मोहाची फुलं पाठवलीत, वाळवलेली. तू गेलास हे तिला अजून कोणी सांगितलेलं नाही.

पुढल्या होळीला तो येईल. मागल्या खोलीतून मी दगडी इमारतीच्या दारात जाऊन उभी राहीन, आणि परत नाही म्हणेन, आणि तो परत बोलेल की मास्तरनी काही विचार करूनच लिहिलं असेल. दगू, त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर मी सुटले असते रे.